ओलं व्हार्निश

"चपलां काड गो!"

फळीवर एक पाय ठेवला होता तो तसाच राहिला. मला फ्रान्सात येऊन एकोणीस दिवस झाले होते आणि एकोणीस दिवसांत 'गो' म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. वर बघितलं तर बोटीच्या कठड्याला टेकून एक बुटका, सावळा माणूस हातात फडकं घेऊन उभा.

"तिथं बास्केट असा. त्यात घाल. हांगा सगळे अनवाणी," तो म्हणाला.

"तू गोयंचो?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"बेतूलचो. आग्नेल. आनी तूं मालवणची. चपलेच्या आदीं तोंडार बरयलां तुज्या." असं म्हणून तो हसला, आणि मी रडले. हो, त्या फळीवर, एका पायात चप्पल घालून. कारण काहीच नव्हतं. माझी भाषा कानावर पडली, बस्स.

मी उर्मिला कुबल, मालवणजवळच्या सर्जेकोटची. आम्ही गाबीत, मासेमारीवर जगणारे. बाबांची 'रवळनाथ कृपा' नावाची लाँच होती, आणि त्या लाँचमध्ये माझ्या जन्मापासून मी पाय ठेवला नव्हता. ठेवता येत नाही. बाईनं होडीत पाय घालायचा नाही हा आमच्याकडचा नेम. नारळी पुनवेला नाळीला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, कुंकू लावायचं तेसुद्धा गुडघाभर पाण्यात उभं राहून. मासळी विकायला बाई चालते, जाळी शिवायला चालते, उधळलेल्या दर्याला हात जोडायला तर बाईच लागते. पण लाकडाला पाय नाही! मी लहानपणी रोज पहाटे किनाऱ्यावर उभी राहून बघायची. बाबा पाण्यात शिरायचे, चढण्याआधी उजव्या हाताचा तळवा नाळीवर ठेवायचे आणि तोच हात कपाळाला लावायचे. खलाशी पण तसंच करायचे. मग मी घरी येऊन माजघराच्या खांबावर हात ठेवायची आणि कपाळाला लावायची. आई ओरडायची, "खांबाक कसला पाया पडतंस गो, येडी झालंस काय?"

मोठी झाल्यावर तारकर्लीला पर्यटकांच्या बोटींवर काम केलं. ती प्लॅस्टिकची बोट, तिला देव नाही, म्हणून चाललं. तिथे आलेल्या एका डच जोडप्यानं सांगितलं की युरोपात श्रीमंतांच्या खासगी बोटी असतात, यॉट, आणि त्यांवर पगारी माणसं लागतात. मी गोव्यात जाऊन सुरक्षेचा कोर्स केला, महिन्याचा व्हिसा काढला. निघायच्या आदल्या दिवशी बाबा एवढंच म्हणाले, "आपल्या होडयेत घेवक नाय म्हणून परक्याच्या होडयेत चल्लंस?" आणि त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी पण कुबलांचीच. म्हटलं, आता येईन ती डेकवर नोकरी लागली तरच येईन. नाहीतर तोंड दाखवणार नाही.

दक्षिण फ्रान्समधलं आंतीब हे या धंद्याचं गाव. तिथे नोकरी मागायची रीत म्हणजे सकाळी उठून धक्क्यावर चालत सुटायचं, हातात आपल्या माहितीचे कागद, आणि प्रत्येक बोटीच्या शेपटाशी उभं राहून ओरडायचं, "काम आहे का?" बोटी तिथे धक्क्याला पाठ करून बांधतात. एका दिवसात तीस-चाळीस बोटींच्या पाठी बघायच्या. कोणी वर मान करत नाही, कोणी हसून कागद घेतं आणि कचऱ्यात टाकतं. आणि जो बोलतो तो हमखास विचारतो, "आतलं काम? बिछाने, टेबलं, इस्त्री?" मी म्हणायची, नाही, डेकवरचं. की तो माझ्या पाच फुटांकडे बघून म्हणायचा, "डेकवर आम्ही मुली घेत नाही." घ्या! सात समुद्र ओलांडून आले, तरी नेम तोच.

'ओरेला'नं घेतलं ते केवळ नाइलाज म्हणून. त्यांचा एक डेकवाला पाय मोडून घरी गेला होता आणि दहा दिवसांनी, शनिवारी, मालक येणार होता. पंचेचाळीस मीटरची गडद निळी बोट. तिच्यावर डेकची जागा एक आणि आजमावायला घेतलेली माणसं दोन, आग्नेल आणि मी. आग्नेल माझ्याआधी दोन दिवस आलेला. बोसन, म्हणजे डेकचा मुकादम, डिऑन नावाचा दक्षिण आफ्रिकन होता. त्यानं पहिल्याच सकाळी सांगितलं, "शुक्रवारी संध्याकाळी एक राहील, एक जाईल." माझा व्हिसा नेमका त्याच शनिवारी संपत होता. राहिले तर बोट माझे कागद करणार, नाहीतर विमान. यात मधलं काही नव्हतं.

आता त्या कामाचं सांगते. लोकांना वाटतं यॉटवर काम म्हणजे दर्या, वारा, सूर्यास्त. अहो, फडकं! सकाळी उठल्यापासून फडकं. रात्रभरचं दव पुसायचं, मिठाचा कण दिसला की पुसायचा, पाण्याचा थेंब वाळायच्या आत टिपायचा, कारण वाळला की डाग. स्टीलवर बोट उमटलं की पुसायचं. पाहुणा कठड्याला हात लावून पुढे गेला की त्याच्या मागून जाऊन त्याच्या हाताची खूण नाहीशी करायची. आणि आपली खूण तर कुठेच राहता कामा नये. डिऑन म्हणायचा, "चांगला डेकवाला तो, जो इथे होता असं कोणाला कळत नाही." माझं नावही त्यांनी असंच पुसलं. उर्मिला म्हणता येईना म्हणून 'मिली'. मी चालवून घेतलं. नोकरी हवी होती ना!

बोटीवर एकंदर नऊ जणं. जेवताना सगळी एकत्र, पण बोलणं त्यांचं त्यांचं, वेगाचं, त्यांच्या गावांचं, त्यांच्या विनोदांचं. मी ताटाकडे बघून हसायची, सगळे हसले की. माझ्या केबिनमधली इंग्रज मुलगी चांगली होती, पण रात्री कानात यंत्रं घालून झोपायची. आठवड्यात तिचे माझ्याशी वीस शब्द झाले असतील. माणसांत राहून इतकं एकटं राहता येतं हे मला त्या बोटीवर समजलं. घरी फोन केला की आई उचलायची आणि मागे बाबा खोकायचे. खोकायचे म्हणजे घरात आहेत, बोलणार नाहीत.

राहता राहिला आग्नेल. तो माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. आठ वर्षं क्रूझ जहाजांच्या धोबीखान्यात, जहाजाच्या तळाला, जिथे खिडकीसुद्धा नाही अशा ठिकाणी चादरी धुतलेल्या. "आठ वर्सां दर्यार आसलों आनी दर्या पळोवंक ना," तो म्हणायचा. आता एकदा डेकवर यायचं, एक मोसम पदरात पाडायचा, की पुढे परवान्याची परीक्षा देता येईल, असं त्याचं चाललेलं. घरी बायको आणि चार वर्षांची पोर. त्याला जागा माझ्याइतकीच हवी होती, हे मला ठाऊक होतं. पण त्यानं ते कधी मधे आणलं नाही. रबरी हातमोज्यांचा लहान मापाचा एकच डबा बोटीवर होता. बाकीचे सगळे दांडगे, त्यांना मोठं माप. लहान हात आमच्या दोघांचेच. तो डबा आम्ही वाटून वापरायचो.

रविवारी अर्धा दिवस सुट्टी मिळाली. बाजारात पेडवे दिसले. तिकडे त्यांना सार्डिन म्हणतात, पण पेडवेच ते. आग्नेलनं बोटीच्या कुककडून तवा मागून घेतला, छोटा स्टोव्ह घेतला आणि आम्ही लाटा अडवायच्या बांधावर, दगडांच्या आडोशाला बसून ते भाजले. मीठ आणि लिंबू, दुसरं काही नाही. बोटं चाटून खाल्ले. खाऊन झाल्यावर मी लिंबाची साल घेतली आणि दोन्ही हातांना, नखांत, बोटांच्या बेचक्यांत खसाखसा चोळली.

आग्नेल हसायला लागला. "म्हजी आवय पण अशीच करता."

"मासळी विकून एसटीत बसायचा तर वास जावक होयो," मी म्हटलं. "लिंबू चोळल्यार कसलोव वास जाता. आईचा औषध."

मग बोलणं वडलांवर गेलं. त्याचे वडीलही दर्यावर जायचे. "पयलीं होडयेक हात लायतालो, मागीर खुरीस काडटालो," त्यानं करून दाखवलं. हात, कपाळ, छाती, खांदे, क्रूसाची खूण. मी म्हटलं, आमचो हात आणि कपाळ, तुमचो त्याच्या फुडचो प्रवास. दोघं पोट दुखेस्तोवर हसलो. त्या सगळ्या महिन्यात पोटभर हसले ती तेवढीच.

आणि आता ती गोष्ट. बोटीवर चढायची फळी जिथे डेकला टेकते तिथे लाकडी कठड्याचं गोल टोक होतं, सागवानाचं, काचेसारखं व्हार्निश केलेलं. तिसऱ्या दिवशी डिऑननं त्याच्यावर हाताचा पंजा बघितला. पुसला. चौथ्या दिवशी परत. पाचव्या दिवशी त्यानं सगळ्यांना बोलावलं. "कोण आहे हा? फळीचा आधार घ्यायला दोरी आहे. लाकडाला हात का लावता?" मला तर त्या माणसाचा रागच आला. इतकं साधं कळत नाही?

सहाव्या दिवशी कचऱ्याची पिशवी टाकून परत येताना, फळीवरून वर पाऊल टाकायच्या आधी, माझा उजवा हात त्या लाकडावर आणि मग कपाळावर गेलेला मी पाहिला. मी पाहिला म्हणते, कारण मी तो नेला नव्हता. तो त्याचा तोच गेला. माझ्या बापाची नाळ तिथे नव्हती, तर हातानं आपली आपण एक नाळ शोधून काढली होती. किती वेळा चढले असेन त्या सहा दिवसांत! प्रत्येक वेळी.

ओढणीसारखं फडकं माझ्या गळ्यात असायचं, त्यानं मी पटकन पुसलं. इकडे तिकडे बघितलं. त्या दिवसापासून चढताना हात खिशात घालायला लागले. डिऑनचं समाधान झालं. पण त्यानं बोलून ठेवलं होतंच, "आता पुन्हा दिसला तर ज्याचा त्याची पिशवी धक्क्यावर."

बुधवारी संध्याकाळी कठड्याला व्हार्निशचा शेवटचा हात दिला. सात हात झाले होते, हा आठवा. कडेनं टेप लावली, 'ओलं आहे' असा कागद लावला. शनिवारी मालक येईपर्यंत पुरतं वाळायला हवं, म्हणजे चूक करायला वेळ नव्हता. गुरुवारी सकाळी मला बेकरीत पाठवलं. नऊ जणांचे लांब पाव डाव्या काखेत घेऊन मी परत आले. ऊन नुकतं वर आलं होतं, पावांचा वास येत होता, आणि मला बरं वाटत होतं हो, खूप दिवसांनी बरं वाटत होतं. आदल्या दिवशी डिऑन म्हणाला होता, "मिली, तू दोरखंड चांगला हाताळतेस." मनात आलं, बाबांना सांगायला पाहिजे.

बाबा मनात आले आणि हात गेला.

चिकट, थंड. तळव्याखाली काहीतरी सुटलं. आणि तरीही हात थांबला नाही, कपाळाला लागूनच खाली आला. मी बघितलं तर आरशासारख्या लाकडावर माझा पंजा, पाची बोटांसकट, रेषांसकट उमटलेला.

फळीवरचा पहारा आग्नेलचा होता. तो दोन ढांगांत आला. त्यानं आधी माझ्या कपाळाकडे बघितलं.

"कपाळार कितें लागलां गो?" आणि मग त्याची नजर लाकडावर गेली.

त्याला सांगावं लागलं नाही. रविवारीच आम्ही हसलो होतो ना त्यावर. त्यानं डब्यातलं थिनर फडक्यावर ओतलं, माझं कपाळ पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं, मग माझा हात धरून तळवा पुसला. फडकं स्वतःच्या खिशात कोंबलं.

"वच, पाव दी आत. डिऑनाक सांगतलें न्ही?" त्यानं विचारलं.

"सांगतंय," मी म्हटलं. "आत्ताच सांगतंय."

आणि सांगणारच होते. देवाशप्पथ. पाव ठेवायला स्वयंपाकघरात गेले. हाताला थिनरचा भपकारा येत होता. ओट्यावर अर्धं लिंबू पडलेलं दिसलं. मी ते उचललं आणि चोळलं, तळवे, नखं, बेचके, कपाळसुद्धा. कशाला चोळलं? सांगायचंच होतं तर वास घालवायची गरज काय होती? हा प्रश्न मला पुढे चौदा वर्षं पडत राहिला. त्या घटकेला मात्र पडला नाही.

वरून डिऑनचा आवाज आला, "सगळे मागच्या डेकवर!"

आम्ही ओळीत उभे राहिलो. डिऑननं टेप सोडवून तो ठसा सगळ्यांना दाखवला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं स्वतःचा हात ठशाच्या वर धरला, त्याच्यात माझ्यासारखे दोन मावले असते. मग तो ओळीवरून नजर फिरवत आला आणि आमच्या दोघांपाशी थांबला.

"लहान हात. तुम्हा दोघांपैकी एक. कोण?"

मी समोर बघत होते. डेकवरून पलीकडच्या बोटीवर एक बाई कपडे वाळत घालत होती, ते बघत होते. मला वाटत होतं, आता बोलते, या क्षणाला बोलते. माझी जीभ टाळ्याला चिकटली, घशाला कोरड पडली, असलं मी काही सांगणार नाही. जीभ जागच्या जागी होती. मला सर्जेकोटचा धक्का दिसला. बॅग घेऊन मी एसटीतून उतरतेय, बाबा जाळं शिवतायत आणि मान वर करत नाहीयेत. "बायलेचा काम न्हय ता," असं कोणीतरी म्हणतंय आणि सगळे माना डोलावतायत. ते दिसलं आणि मी गप्प बसले. ठरवून गप्प बसले.

"हात," डिऑन म्हणाला.

मी हात पुढे केले. त्यानं वाकून वास घेतला. लिंबू. मग आग्नेलनं हात पुढे केले. डिऑनला वाकावंही लागलं नाही. त्यानं आग्नेलच्या खिशातलं फडक्याचं टोक धरून ओढलं. व्हार्निशनं पिवळं पडलेलं.

"तू?"

आग्नेलनं एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वाट बघत होता. आपण कोणाला हाक मारतो आणि ते माणूस वळेल म्हणून थांबतो, तेवढाच थांबला. मग डिऑनकडे वळला आणि त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "पहारा माझा होता. माझी जबाबदारी."

मी केलं असं तो म्हणाला नाही. हिनं केलं असंही म्हणाला नाही. खोटं बोलला नाही माणूस.

दहा वाजेपर्यंत त्याची पिशवी भरून झाली. मला तोवर पॉलिश पेपर देऊन कठडा घासायला बसवलं होतं, माझाच हात खरवडून काढायला. तो माझ्या शेजारून गेला. मी मान वर केली नाही. बास्केटमधून त्यानं आपले बूट काढले, धक्क्यावर बसून घातले, नाड्या सावकाश बांधल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. शिवी घालेल. घालायला पाहिजे होती.

तो उठला, पिशवी खांद्याला लावली. मग बोटीच्या निळ्या पाठीवर, पाण्याच्या वर जिथे त्याचा हात पोचत होता तिथे, उजवा तळवा टेकला. तो हात कपाळाला लावला. खुरीस केला नाही. माझ्यासारखं केलं, नुसता हात आणि कपाळ. आणि गेला. एकदाही मागे बघितलं नाही.

मी मनात म्हटलं, दाखवलंन मला. शब्दानं बोलला नाही, पण करून दाखवलंन की मी बघितलंय तुला आणि तू कोण ते मला माहीत आहे.

डिऑन माझ्या मागे येऊन उभा होता. गडद निळ्या रंगावर तो पंजा ढळढळीत दिसत होता. "मिली," तो म्हणाला, "ते पुसून घे."

मी फळीवरून खाली गेले, फडक्यानं तो हात पुसला. दोनदा पुसला. काही राहिलं नाही.

जागा मला मिळाली. त्या मोसमात चार महिने मी 'ओरेला'वर होते. इटली पाहिली, ग्रीस पाहिलं, माणसं पैसे देऊन बघतात ते सगळं पाहिलं, आणि चार महिन्यांत एकदाही कोणी 'गो' म्हटलं नाही. बोटीच्या पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीच्या कोठीत जाऊन मी एकटीच मोठ्यानं मालवणीत बोलायची, नाहीतर तोंडाला गंज चढेल असं वाटायचं. बोलायची कोणाशी? आग्नेलशीच. दर वेळी सांगायची, "रे, मी सांगतलंय होतंय." आणि साखळी काय बोलणार! त्याचा नंबर होता माझ्याकडे, पहिल्या महिन्यात लावला नाही, नंतर लावला तर बंद. दर सुट्टीत मी गोव्याच्या विमानतळावर उतरायची. बेतूल तिथून तासाभरावर. मी दर वेळी टॅक्सीत बसून उत्तरेला वळायची. धीर झाला नाही, दुसरं काही नाही. चढत चढत मी चीफ ऑफिसर झाले, कॅप्टनच्या खालची. माझ्या हाताखालच्या पोरांना मी कधी 'इथे होतात हे कळता कामा नये' असं म्हटलं नाही. पण ठसा दिसला की पुसायला मात्र सांगितलं.

बाबा पहिल्या मोसमानंतर बोलायला लागले होते, थोडं थोडं, पावसापाण्याचं. गेल्या वर्षी गुडघे गेले म्हणून त्यांनी 'रवळनाथ कृपा' देवगडच्या एकाला विकली. ती घेऊन जायला माणसं येणार होती त्या सकाळी मी घरी होते. बाबा काठी टेकत मला किनाऱ्यावर घेऊन गेले.

"चढ," ते म्हणाले.

"बाबा?"

"चढ गो. आता कोण काय म्हणतला? आणि म्हणूंदेत."

मी त्रेचाळीस वर्षांची बाई. गुडघाभर पाण्यात शिरले. नाळ समोर होती, रंगाचे पोपडे आलेले, आईनं लावलेलं कुंकू अजून फटीत. मी तळवा ठेवला. कपाळाला लावला. आणि मग, काय झालं मला कळलं नाही, साडीचा पदर घेतला आणि जिथे हात ठेवला होता ती जागा पुसून काढली.

बाबा काठावरून बघत होते. "पुसलंस कित्या गो?"

आणि मी सांगितलं. तिथे पाण्यात उभी राहून, सगळं. पेडवे, लिंबू, पावाचा वास, फडकं. चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणाला सांगितलं. जाताना त्यानं मला कसं करून दाखवलं, तेही सांगितलं.

बाबांनी काठी वाळूत रोवली. मग म्हणाले, "दाखवल्यान न्हय ता."

"म्हणजे?"

"माणूस बोटयेर चढताना हात लायता. आणि बोट कायमची सोडताना पण लायता. तू ता कधी बघूक नाय. आमी सोडली खय कधी? काल सांजचा मी इल्लंय हय एकटोच. लावलंय हात." त्यांनी काठीनं नाळीकडे दाखवलं. "तेना बोटीक राम राम केल्यान. तुका दोष देवक नाय. तुझ्यासारखो केल्यान म्हणतंस, तर तुझ्या वाटणीचो पण केल्यान आसतलो."

मी नाळीला धरून उभी राहिले. निघालेल्या माणसाचा राम राम होता तो, आणि मी तो पुसला होता. दोनदा.

"हात पुसूचो नसता," बाबा म्हणाले. "पाण्यान जाता आपसूक."

लांबून देवगडची माणसं येताना दिसली. मी पुन्हा तळवा नाळीवर ठेवला, कपाळाला लावला आणि बाबांच्या लाँचमध्ये चढले. लाँच जेटीपर्यंत नेईतो मी आत होते, पाच मिनिटं असेल. उतरल्यावर बाबांना घरी पोचवलं आणि टॅक्सीवाल्याला फोन लावला.

"खय जावचा?" त्यानं विचारलं.

"बेतूल," मी म्हटलं.